वीसचा आकडा चुकवायचा कसा? आधी दहाचं काय केलं ते सांगा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. विचारलंय ते एक आहे, आणि जाता जाता जे लिहून गेलात ते त्याहून महत्त्वाचं आहे. म्हणून आधी तुमचंच म्हणणं थोडक्यात मांडते, कुठे चुकलं तर सांगा.

भोसरीत तुमचं शीट मेटलचं युनिट आहे, तुम्ही आणि वहिनी भागीदार. मस्टरवर १६ माणसं. शिवाय ठेकेदाराचे ५ हेल्पर गेल्या दिवाळीपासून येतायत, आयटीआय झालेली २ मुलं ‘ट्रेनी’ म्हणून आहेत आणि साफसफाईला एक मावशी अर्धा दिवस येतात. आता एका मोठ्या पुरवठादाराकडून ब्रॅकेटची ऑर्डर मिळतेय, त्यासाठी दुसरी पाळी लावायची, म्हणजे आणखी सहा-सात माणसं. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की वीस होऊ देऊ नका, पीएफ मागे लागेल, नवी माणसं वहिनींच्या नावाने दुसरी फर्म काढून तिच्यात घ्या. आणि तुम्ही विचारताय, कायद्यात बसून १९ वर कसं राहायचं? शेवटी कंसात लिहिलंय, ‘ईएसआय अजून घेतलेलं नाही.’

त्या कंसाकडे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य आणि अपघात विम्याकडे, नंतर येते. आधी मोजू.

मी वीसेक वर्षं हे सल्लागारीचं काम करते, त्याआधी एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात होते. मालकाला ‘माणसं किती’ विचारलं की तो मस्टरवरची सांगतो आणि सुपरवायझरला विचारलं की तो डबा खायला बसणारी सांगतो, हे मी तिथे शिकले. पीएफचा कायदा सुपरवायझरच्या बाजूने मोजतो. थेट तुमच्या पगारावर असो, ठेकेदारामार्फत असो, रोजंदारीवर असो की अर्धा दिवस येणारं असो, आस्थापनेच्या कामासाठी मजुरीवर लावलेलं माणूस मोजणीत येतं. १६ अधिक ५ झाले २१. मावशी धरल्या की २२. ती दोन मुलं ॲप्रेंटिस कायद्याखाली पोर्टलवर करार करून घेतलेली असतील तर बाहेर. पण तुम्ही फक्त ‘ट्रेनी’ लिहिलंय, म्हणून मी धरून चालते की तसा करार नाही. मग झाले २४. तुम्ही आणि वहिनी भागीदार आहात, भागीदार कर्मचारी ठरत नाहीत, त्यामुळे तुम्ही दोघं मोजायचे नाही.

म्हणजे १९ वर राहण्याची वेळ दिवाळीलाच टळली. आणि पीएफ एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी करून १२ वर आणलीत तरी सुटत नाही. ‘दोन-चार जणांना काढतो’ हा उपाय त्यामुळे मनातूनच काढून टाका. त्यात चांगली माणसं जातात आणि जबाबदारी जागच्या जागी राहते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आत्ताच सांगते. ठेकेदाराचे ते पाच जण तुमच्या शेडमध्ये, तुमच्या मशिनवर, तुमच्या सुपरवायझरच्या हाताखाली काम करत असतील तर वरची मोजणी बरोबर आहे. पण तो माणूस तुमचा माल टेम्पोत घालून स्वतःच्या शॉपमध्ये नेतो, स्वतःच्या प्रेसवर मारतो आणि नगावर बिल लावतो असं असेल, तर ते जॉबवर्क झालं आणि त्याची माणसं त्याची. तुमच्या लिहिण्यावरून ते शेडमध्येच येतात असं दिसतं. दुसरं, ज्यांचा पीएफचा पगार नोकरीला लागतानाच १५,००० च्या वर होता आणि जे आधी कधी सभासद नव्हते, त्यांना पीएफमधून बाहेर ठेवता येतं. पण वर्गणी भरायची नसली तरी डोकी मोजताना तेही धरतात. हा फरक भलेभले अकाउंटंट विसरतात.

आता तो कंस. सगळं लक्ष वीसवर ठेवलंत आणि दहा केव्हा ओलांडले ते कळलंच नाही. ईएसआय दहा माणसांना लागतो. ग्रॅच्युइटी दहाला. मातृत्व लाभ दहाला. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती दहाला, बाया कितीही कमी असल्या तरी, आणि ती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. राज्याचा कामगार कल्याण निधी तर पाचालाच लागतो, जून आणि डिसेंबरमध्ये माणशी कामगाराचे २५ आणि तुमचे ७५ रुपये. एवढ्याशा रकमेसाठी नोटीस येते तेव्हा मालकांना फार राग येतो. भरून टाका आणि विसरा.

यातला ईएसआय मी सगळ्यात वर ठेवते, पीएफच्याही वर. का ते सांगते.

बरीच वर्षं झाली. माझ्याकडे एक प्रेस शॉप होतं, चौदा-पंधरा माणसांचं. मालक माणूस चांगला, ईएसआय रीतसर भरणारा. फक्त एक सवय होती. नवा मुलगा आला की म्हणायचे, ‘टिकतो का बघू, पहिला पगार झाला की नाव घालू.’ असाच एक मुलगा सोमवारी लागला आणि पुढच्या मंगळवारी पॉवर प्रेसवर त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुपारी अडीचला मला फोन आला, ‘ताई, आत्ता लगेच त्याचं नाव चढवता येईल का?’ मी म्हटलं, अपघाताच्या दिवशी दुपारी तीनची नोंदणी पुढे कुणाच्याही डोळ्यांत भरणार, आधी त्याला दवाखान्यात न्या. खासगी दवाखान्याचा खर्च, घरी बसलेल्या महिन्यांचा पगार, पुढे नुकसानभरपाईचा दावा, हे सगळं त्या मालकाच्या खिशातून गेलं. नाव चढवलेलं असतं तर उपचार ईएसआयकडे, रजेच्या काळात वेतनाच्या ९० टक्के ईएसआयकडून, कायमच्या अपंगत्वाची मासिक रक्कमही तिकडूनच. त्या मुलाचा वर्गणीतला मालकाचा वाटा आठवड्याचा शंभरच्या आसपास झाला असता.

तुमच्याकडे प्रेस आहेत, शिअरिंग आहे. आणि आज २४ पैकी एकाचंही नाव ईएसआयला नाही. पीएफची थकबाकी पैशाची असते, ती व्याजासकट फिटते. हे तसं नाही.

दर सांगते: ईएसआयला मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के, २०१९ च्या जुलैपासून हेच आहेत. पगाराची मर्यादा २१,०००. दुसऱ्या पाळीत ओव्हरटाइम वाढेल आणि एखाद्याची बेरीज २१,००० च्या वर जाईल, तेवढ्यावरून त्याला काढू नका. मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. खरोखरची पगारवाढ झाली तरी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, जो सहामाही काळ चालू असेल तो संपेपर्यंत वर्गणी कापायची असते. आणखी एक, ज्याचा फायदा छोट्या मालकांना कुणी सांगत नाही. ईएसआयमध्ये असलेल्या बाईच्या बाळंतपणाचा २६ आठवड्यांचा पगार ईएसआय देतं. ईएसआय नसेल तर तोच पगार तुम्ही द्यायचा. उद्या पॅकिंगला किंवा तपासणीला बायका घेणार असाल तर हे लक्षात असू द्या.

दुसऱ्या फर्मबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही त्यात पडणार नाही अशी आशा आहे. कागदावर दोन नावं, पण शेड एक, विजेचा मीटर एक, सुपरवायझर एक, कच्चा माल एकाच्या नावाने येतो आणि वापरतात दोघं, या महिन्यात इकडे असलेला फिटर पुढच्या महिन्यात तिकडे, असं असलं की दोन्ही एकच आस्थापना धरतात. धरल्यावर दोन्हीकडची माणसं एकत्र मोजून मागच्या तारखेपासून हिशेब मागतात. शिवाय जीएसटीचे दोन नंबर, दोन रिटर्न, दोन ऑडिट. तो खर्च मोजला तर वाचवायला निघालेल्या पीएफच्या बराच जवळ जातो. आणि ज्या पुरवठादाराची ऑर्डर मिळतेय त्याचं व्हेंडर ऑडिट होईल ते वेगळंच. ते लोक हल्ली पीएफचं चलन आणि त्यासोबतची नावांची यादी आधी मागतात, मशिन नंतर बघतात.

एक तिसरी युक्तीही सुचवली जाईल, म्हणून आधीच सांगते. ‘कामगारांनाच पीएफ नको आहे, त्यांच्याकडून लिहून घेतो.’ माझ्याकडे एक गृहस्थ अशी फाइल घेऊन आले होते. प्रत्येकाकडून शंभरच्या स्टॅम्प पेपरवर, ‘मी स्वखुशीने पीएफ नाकारत आहे’, नोटरीसह, अंगठे-सह्या, सगळं नीट लावलेलं. चोवीस कागद. पीएफची चौकशी लागली होती आणि ते म्हणाले, हे दाखवतो. मी म्हटलं, दाखवू नका. त्या तारखेला तुमच्याकडे चोवीस माणसं कामाला होती हे सिद्ध करायला खात्याला जे शोधत बसावं लागलं असतं ते तुम्ही स्वतः, नोटरी करून, फाइल लावून ठेवलंय. कामगाराची संमती इथे चालतच नाही. त्याने नको म्हटलं तरी कापायचा आणि भरायचा असतो.

पण तो ‘नको’ का म्हणतो तेही समजून घ्या, कारण पुढच्या महिन्यात तुम्हाला त्याच्यासमोर उभं राहायचंय. बेसिक आणि विशेष भत्ता मिळून १५,००० असलेला ऑपरेटर घ्या. आज तुम्ही व्यवसाय कराचे २०० कापून हातात १४,८०० देता. पीएफ-ईएसआय सुरू झालं की १,८०० आणि ११३ आणखी जातात, हातात येतात १२,८८७. खोलीभाडं तेवढंच, गावाकडे पाठवायची रक्कम तेवढीच आणि हातात एकोणीसशे कमी. तो चिडणारच. पगाराच्या दिवशी पाकीट हातात देऊन हे सांगू नका. महिनाभर आधी पाच-पाच जणांना बसवून, खऱ्या पगाराच्या आकड्यावर, फळ्यावर लिहून सांगा. त्याचे १,८०० आणि तुमचे १,८०० असे दोन्ही त्याच्याच नावावर जातात, तुमच्यातले १,२५० पेन्शनकडे आणि ५५० खात्यात. तो नोकरीत असताना गेला तर विम्याचे सात लाखांपर्यंत घरच्यांना मिळतात. बायको-पोरांचा दवाखाना ईएसआयमध्ये आला. तुमच्या भागात मोहननगरचं ईएसआय रुग्णालय आहे, तिथे जाऊन आलेला शेजारच्या शेडमधला कुणी माहितीचा असेल तर त्यालाच बोलवा, तुमच्यापेक्षा त्याचं जास्त ऐकतील. आणि पगारवाढ द्यायचीच असेल तर ती त्याच महिन्यात द्या, म्हणजे हातातली घट अर्धी होते. मी हे दहा-बारा ठिकाणी करून घेतलंय. पहिल्या महिन्यात कुरकुर होते, एखादा सोडून जातो, तिसऱ्या महिन्यात मोबाइलवर पासबुक उघडून बघणारे तेच असतात.

तुमचा वाटा त्याच्या पगारातून कापू नका. सांगायची गरज नाही असं वाटेल, पण दोन्ही बारा टक्के कामगाराकडून घेऊन वर ‘पीएफ देतो’ म्हणणारे मी पाहिलेत. तो सरळ गुन्हा आहे.

मागच्या महिन्यांचं काय? नोंदणी आज केली तरी लागू होण्याची तारीख विसावा माणूस आला ती. मधल्या महिन्यांचा कामगाराचा हिस्सा तुम्ही कापला नव्हता, तो आता त्याच्या पगारातून वसूल करता येत नाही, म्हणून दोन्ही हिस्से तुमचेच. १५,००० च्या माणसामागे महिन्याला १,८०० अधिक १,८०० अधिक विमा आणि प्रशासकीय खर्चाचे १५०, म्हणजे ३,७५०. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि उशिराची नुकसानभरपाई महिन्याला १ टक्का. ती २०२४ च्या जूनमध्ये बरीच कमी झाली, आधी वर्षाला २५ टक्क्यांपर्यंत जायची. दर महिना थांबलात की माणशी ३,७५० चा ढीग वाढतो, आणि थांबला नाहीत तर त्यातले अठराशे कामगाराच्या पगारातून रीतसर जातात. उशीर तुम्हाला जवळपास दुपटीने पडतो. पुढेही १५ तारीख पाळा. कामगाराकडून कापलेली रक्कम एक दिवस जरी उशिरा भरली तरी आयकरात ती खर्च म्हणून धरत नसत, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. सध्याचा नियम काय आहे ते तुमच्या सीएला विचारा. आणि १५ तारखेचं तुमच्या अकाउंटंटला सांगा.

ठेकेदाराला पीएफचा स्वतःचा कोड आहे का ते विचारा. असेल आणि तो त्या पाच जणांची वर्गणी खरंच भरत असेल तर तीच रक्कम तुम्हाला पुन्हा भरायची नाही. पण ‘भरतो’ या शब्दावर विसंबू नका. चलनाची पावती कुणीही दाखवतो. तिच्यासोबतच्या यादीत तुमच्या पाच जणांची नावं आणि त्यांचे यूएएन (पीएफचे कायमचे क्रमांक) आहेत का ते बघा. एका ठेकेदाराने मला तीन महिने तेच चलन दाखवलं होतं, तीन वेगवेगळ्या कंपन्यांसाठी. तो भरत नसेल तर मुख्य मालक म्हणून ते तुमच्याकडेच येतं. माझ्या क्लायंटना मी नियम घालून दिलाय: मागच्या महिन्याची यादी आल्याशिवाय या महिन्याचं बिल सोडायचं नाही.

इथपर्यंतचं एका दमात: २४ माणसं आहेत, दहा आणि वीस दोन्ही ओलांडलेत, दुसरी फर्म आणि स्टॅम्प पेपर दोन्ही सोडून द्या, ईएसआय आधी आणि पीएफ लगोलग. आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या ऑर्डरकडे वळू, कारण तुमचं खरं नुकसान तिथे होऊ शकतं.

रेट काढताना तुम्ही माणूस १५,००० ला धरला असेल. तो १५,००० ला पडत नाही. पीएफचे १,९५०, ईएसआयचे ४८८. बोनस किमान ८.३३ टक्के, तो ७,००० किंवा किमान वेतन यातलं जे जास्त असेल त्यावर बसतो, पण मी पूर्ण १५,००० वर धरते, चुकले तर जास्तीच्या बाजूला चुकू, म्हणजे १,२५०. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे ७२१. वर्षाच्या साधारण पंधरा भरपगारी रजा, त्याही महिन्याला ७२१ च पडतात. बेरीज ५,१३०. तुमचा ऑपरेटर २०,१३० चा आहे. बूट, हातमोजे, दोन चहा अजून धरलेले नाहीत. शिवाय किमान वेतनातला विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो आणि ऑर्डर वर्षभराच्या रेटवर असते. पुरवठादाराशी बोलताना मजुरीच्या वाढीचं कलम मागून बघा. देतीलच असं नाही, पण न मागता कुणी देत नाही. २४ माणसं १५,००० वर धरून रेट दिलात आणि नंतर पीएफ-ईएसआय भरायला लागलात तर ऑर्डर जितकी मोठी तितका तोटा मोठा. पीएफ न भरणारे मालक वाईट असतात असं नाही. त्यातले अर्धे जण रेट आधी देऊन अडकलेले असतात.

एक जमेची बाजूही आहे. पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ दरम्यान घेतलेल्या जादा माणसांसाठी मालकाला दरमहा रक्कम मिळते. पीएफचा पगार १०,००० ते २०,००० च्या दरम्यान असेल तर माणशी २,०००, त्यावर ३,०००. दोन वर्षं, आणि उत्पादन क्षेत्राला चार. ५० पेक्षा कमी माणसं असतील तर आधारसंख्येच्या (योजनेने धरलेल्या मूळ संख्येच्या) वर किमान २ जादा घ्यावी लागतात आणि ती सहा महिने टिकावी लागतात. मात्र हे पैसे रेटमध्ये धरू नका. ते उशिरा येतात आणि एका आधार-यूएएनच्या घोळात अडकतात. आले तर दिवाळीला वापरा.

आता दुसऱ्या पाळीला खरंच सात माणसं लागतील का? तुम्ही सात हेल्पर मोजलेत असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या पाळीला डाय बसवणारा एक लागतो, पहिला नग तपासून ‘चालू करा’ म्हणणारा एक लागतो, आणि शेडची किल्ली ज्याच्याकडे ठेवता येईल असा एक लागतो. हे तिघं बाजारातून येत नाहीत, तुमच्या पहिल्या पाळीतूनच जातात, आणि मग भोक पहिल्या पाळीला पडतं. म्हणून आधी तुमच्यातला कोण तिकडे जाईल ते ठरवा, मग त्याची जागा भरायला माणूस शोधा. मागच्या वर्षाचं मस्टर काढून महिनावार गैरहजेरीही बघा. तुमच्याकडे बिहार-यूपीची मुलं असतील तर छट आणि होळीला शेड अर्धी रिकामी होते. मराठवाड्यातली असतील तर सुगीला. आणि वारी आळंदी-देहूहून निघते त्या दिवसांत न सांगता गेलेला माणूस परत आल्यावर त्याला मेमो देऊन काही उपयोग होत नाही, हे मी टाइम ऑफिसातच शिकले. त्या महिन्यांना दोन माणसं जास्त धरा. नाहीतर ओव्हरटाइम द्यावा लागेल, आणि तो दुप्पट दराने असतो.

ऑर्डर वर्षभराचीच असेल आणि पुढचं ठाऊक नसेल तर नव्या माणसांना ठरावीक मुदतीच्या नियुक्तीवर घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता (केंद्राचे नवे एकत्रित कामगार कायदे) लागू झाल्यात, त्यात याला स्पष्ट जागा आहे. पगार-सवलती कायम माणसाइतक्याच द्यायच्या आणि वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी, पाच वर्षं थांबायचं नाही. मुदत संपली की नातं संपतं, कपातीची भरपाई वगैरे लागत नाही. ठेकेदाराच्या माणसापेक्षा मला हा मार्ग स्वच्छ वाटतो, कारण ठेकेदाराचं कमिशन वाचतं आणि माणूस तुमचं ऐकतो.

संहितांमधल्या आणखी तीन गोष्टी तुम्हाला लगेच लागतील. नियुक्तिपत्र प्रत्येकाला, हेल्परलासुद्धा. सोडून गेलेल्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत, म्हणजे ‘पुढच्या सात तारखेला ये’ बंद. आणि वेतनाच्या व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरतात, त्यामुळे ‘बेसिक ६,००० आणि बाकी सगळे भत्ते’ अशी स्लिप कुणी बनवून देत असेल तर घेऊ नका. तशीही ती किमान वेतनाखाली जाते.

एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाही, पण वीसला फक्त पीएफ लागत नाही. महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये वीस कामगार झाले की तो कारखाना ठरतो, मग परवाना, शेडचा मंजूर नकाशा, सुरक्षेच्या तपासण्या. ठेकेदाराचे कामगार इथेही मोजतात. पीएफ-ईएसआयचे कोड ऑनलाइन चटकन मिळतात, नकाशाला वेळ लागतो. भाड्याची शेड असेल तर जागामालकाचे कागद लागतात आणि तिथेच महिने जातात. त्यांना आजच फोन करा.

कामाचा क्रम म्हणाल तर असा. उद्या ईएसआयची नोंदणी आणि सगळ्यांची नावं, प्रेसवरच्यांची आधी. त्याच आठवड्यात पीएफ. मागचं मस्टर, पगारपत्रक आणि ठेकेदाराची बिलं समोर घेऊन विसावा माणूस कोणत्या तारखेला आला ते नक्की करा. कच्च्या वहीत उचल लिहिलेली असते, ती वहीही काढा, कधी कधी खरी तारीख तिथेच सापडते. मागची चलनं तयार करा, एकदम झेपत नसतील तर जुन्या महिन्यापासून सुरुवात करा, पण चालू महिना चुकवू नका. नवी माणसं यानंतरच घ्या.

ती आयटीआयची दोन मुलं शिकण्याजोगी असतील तर त्यांना ॲप्रेंटिस पोर्टलवर रीतसर घ्या. ४ ते २९ माणसांच्या युनिटला ते ऐच्छिक आहे, ३० ला सक्तीचं होतं, आणि दुसरी पाळी लागली की तुम्ही तिशीला टेकलातच. पीएफ-ईएसआय त्यांच्यावर बसत नाही, स्टायपेंडचा २५ टक्के, १,५०० पर्यंतचा वाटा सरकार उचलतं. मात्र कराराच्या आधीच्या महिन्यांना ती कामगारच होती, तेवढे महिने भरावे लागतील. आणि पंधरा टक्क्यांची वरची मर्यादा आहे, २४ माणसांत तीनच बसतात. अर्धी पाळी ॲप्रेंटिसवर चालवायचा सल्ला कुणी दिला तर तो बहुधा दुसऱ्या फर्मवाल्याच माणसाचा असेल.

रेट अजून गेलेला नसेल तर आधी तो थांबवा आणि २०,१३० धरून पुन्हा काढा. गेला असेल तर कोणत्या तारखेला आणि किती महिन्यांसाठी दिलाय ते कळवा, त्यावर पुढचं वेगळं बोलावं लागेल.